कधीच नाही न म्हणणारा देव

शिसवकोंडच्या देवाने गेल्या चार वर्षांत कुणालाही नाही म्हटलेलं नाही.

पोलादपूर सोडून आंबेनळीकडे निघालात की घाट चढायच्या आधी एक कच्चा रस्ता पऱ्याच्या काठाने आत वळतो. तो आमचा. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. उन्हाळ्यात बेडकालाही पुरत नाही, पावसाळ्यात कुणालाही सोडत नाही. एरवी त्या रस्त्याने दुधाची गाडी तेवढी जाते. रविवारी मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही. वीर स्टेशनवरून रिक्षा भरून येतात, महाडहून बायका येतात, मुंबईहून तर लोक सुट्टी टाकून येतात. कुणाला मुलीचं लग्न विचारायचं असतं, कुणाला डोंबिवलीतला फ्लॅट. देव सगळ्यांना होय म्हणतो. एकदा एकाच जमिनीच्या दाव्यातले वादी आणि प्रतिवादी एकाच रविवारी आले. दोघेही जिंकणार, असं देवाने सांगितलं. दोघांनीही नारळ फोडले आणि एकाच रिक्षातून परत गेले.

देव म्हणजे गुडघाभर उंचीचा काळा गुळगुळीत दगड आहे. स्वयंभू. हरीआबा गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवतो, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवतो, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात आणि तो कोकणात गावोगावी लावतात. फरक इतकाच, की इतर गावांत देव कधी होय म्हणतो, कधी नाही म्हणतो, आणि कधी दिवसभर काहीच बोलत नाही. आमचा देव चटकन बोलतो आणि गोड बोलतो. म्हणून गर्दी.

गर्दीला रांगेत उभं करायचं काम भरतशेठकडे. मुंबईत सुपरवायझर होते, रिटायर होऊन वाडीत आले आणि मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष झाले.

"चला, कुणाचा नंबर? पुढे सरका! हितं सगळं डायरेक्ट हाय. नो एजंट!" एजंट ओरडत असतो. "मनात डाऊट ठेवू नका. डाऊट असला की पाकळी कन्फ्यूज होते. बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गर्दी ओरडते.

"ही लेक ठाण्यावरून आली हाय, हिच्या नवऱ्याची बदली होऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

आणि पाकळी पडते. उजवी. बाई रडते, नवरा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुन्हा बघतो, बाहेर भरतशेठची मेहुणी भजी तळते.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, तर मी हे लिहिलं नसतं. मी पोलादपूरला मोबाईलच्या दुकानात काम करतो. लोकांच्या फ्लॅटचं काय झालं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण एकवीस साली इकडचे डोंगर खाली आले, त्यानंतर सरकारी माणसं हातोड्या घेऊन वाडीत आली. त्यांनी पऱ्याच्या काठी ठोकून पाहिलं, वर कड्याकडे पाहिलं, माझ्या तुळसाआत्याच्या ओटीवर पोहे खाल्ले आणि सांगितलं, की खालची आळी राहण्यासारखी नाही. वर शाळेच्या माळावर जागा देतो, तिकडे चला.

वाडीने देवाला विचारलं. म्हणजे भरतशेठनी विचारलं.

"देवा म्हाराजा, तुझी लेकरं तुझ्याच पायाशी, हितंच ऱ्हाऊ देत का?"

वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी पडली. वाडी वर गेली असती तर रविवारी खाली भजी कुणी तळली असती, हा प्रश्न देवाला कुणी विचारला नाही.

खालच्या आळीतलं शेवटचं घर आत्याचं. पऱ्याच्या इतकं जवळ, की भांडी घासायला तिला उतरावं लागत नाही. माझे आईबाप मुंबईला, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. मी म्हटलं, "आत्ये, चल वर."

"देवाने सांगितलान ना, हितंच ऱ्हा म्हणून."

"आणि हातोडीवाल्यांनी?"

"ते काय, पोहे खाऊन गेले."

तिचा मुलगा किशोर गोरेगावला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे देव बोललाय ना, मग टेन्शन नाय." गोरेगावात राहून आमच्या पऱ्याचं टेन्शन न घेणं सोपं आहे.

*

पाकळीत काहीतरी घोळ आहे, हे पहिल्यांदा सेजलबाईंच्या लक्षात आलं. त्या आमच्या शाळेच्या नव्या बाई, महाडच्या बाजारपेठेतल्या. त्यांच्या घरात एकाच भिंतीवर दोघींच्या उंचीच्या खुणा आहेत, सेजलबाईंच्या आणि सावित्री नदीच्या. बाई पाच फुटांवर थांबल्या. सावित्री अजून वाढतेय.

बाईंना संशय आला तो परीक्षेमुळे. चौथीच्या वर्गात सात पोरं, आणि सातही पोरांना देवाने पहिला नंबर दिलेला. कुणी पुस्तक उघडेना. बाई वैतागून एका मंगळवारी देवळात आल्या. मी होतो, हरीआबा होता आणि मोरूकाका होता. मोरूकाका आत्याचा शेजारी. बकऱ्या राखायचा आणि थट्टा करायचा. दोन्ही कामं पूर्णवेळ.

"आबा, मला दोन प्रश्न विचारायचेत," बाई म्हणाल्या. "पण एकमेकांच्या उलटे."

"थांबा, मी इचारतो," मोरूकाका पुढे सरसावला. हरीआबाने पाकळ्या लावल्या. "देवा म्हाराजा, माजं नाव मोरू हाय का?"

उजवी पडली.

"बरं. आता, माजं नाव मोरू नाय, हे खरं का?"

उजवी पडली.

मोरूकाकाने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे आधार कार्ड परत काढायला लागणार."

बाई हसल्या नाहीत. त्या देवाच्या उजव्या हाताच्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे पंखा होता. जाळीच्या मधोमध रंगाने लिहिलेलं: 'कै. रामजी यांच्या स्मरणार्थ'. रामजी म्हणजे भरतशेठचे वडील. चार वर्षांपूर्वी सभामंडप बांधला तेव्हा भरतशेठनी तो स्वतः उभं राहून तिथेच ठोकून घेतला होता. देवाला गरम होतं, असं ते म्हणाले होते. त्याआधी देवाने उन्हाळे कसे काढले, कुणास ठाऊक.

बाईंनी बटण बंद केलं. नव्या पाकळ्या लावल्या. आम्ही बसलो. मोरूकाकाची बिडी संपली, दुसरी संपली. मग बकऱ्या त्याला शोधत देवळात आल्या. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"पूर्वी असंच हुतं," हरीआबा म्हणाला. "माज्या बाबाच्या टायमाला लोक कौल लावून शेतावर जायचे, जेवून आले की बघायचे."

"मग आबा, पंखा आल्यापासून पाकळी लगेच पडते, तीही एकाच बाजूची, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग?"

"मला वाटलं, देव खूश झाला. पंखा लावला तर कोणपण होईल. हितं उकाडा काय कमी हाय?"

हरीआबा लबाड नव्हता. चार वर्षं तो पाकळ्या लावत होता आणि कुणीतरी दुसराच त्या पाडत होता.

*

रविवारी गर्दी जमली. पाऊस लागला होता, पण छत्र्या घेऊन लोक आले. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "भरतशेठ, एक कौल पंखा बंद करून लावूया."

"कौल चालू असताना पंखा बंद करायचा नसतो, म्याडम."

"का?"

"परंपरा हाय."

"चार वर्षांची?"

"परंपरेचं वय इचारायचं नसतं."

मी बटण दाबलं. पंखा थांबला. देवळात इतकी शांतता पसरली, की बाहेरच्या कढईतली भजी ऐकू यायला लागली. पाकळ्या तशाच. बराच वेळ तशाच. बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "पाकळी पाण्याने चिकटते. पाणी सुकलं की सुटते. पंख्याचा वारा या बाजूला लागतो, म्हणून ही बाजू आधी सुकते. दोरीवरच्या कपड्यांचं होतं तेच. यात देवाचा होकारही नाही आणि नकारही नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकलो. आत्याला आजच वर नेतो.

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे देवाला बोलायला वारा लागतो."

"अगदी बरोबर, आजी!" बाई म्हणाल्या.

"मग लावा की गो पंखा! कोंडलाय बिचारा."

पंखा लागला. पाकळी पडली. टाळ्या वाजल्या. भरतशेठनी डोळ्यांना रुमाल लावला. "माज्या मेलेल्या बापाच्या पंख्यावर संशय? ह्या वाडीत?" चार बायका त्यांची समजूत घालायला धावल्या. एकीने त्यांना भजी दिली, त्यांच्याच मेहुणीकडून विकत घेऊन.

बाईंनी मात्र धीर सोडला नाही. "ठीक आहे. पंखा सोडा. मला एवढंच सांगा, हा देव इथे आला कुठून?"

"स्वयंभू!" सगळे एका सुरात.

"मग गुळगुळीत कसा? कड्यावरून सुटलेल्या दगडाला कोपरे असतात. गोल होतो तो पाण्यात गडगडत आलेला दगड. ह्या देवळाचं जोतं बघा, सगळे गोटे. तुळसाआत्यांच्या अंगणाची पाळ बघा, विहिरीतून निघालेला ढीग बघा. गोटेच. हे सगळं पऱ्याने आणून टाकलंय. म्हणजे आपल्यातलं कुणी नव्हतं तेव्हा पऱ्या इथपर्यंत आला होता, या देवळाच्या जागेपर्यंत, आणि एवढा दगड ढकलत आला होता. खालची आळी पऱ्याच्या काठावर नाही हो, पऱ्याच्या वाटेत आहे. महाडला आम्ही पुराची खूण भिंतीवर करतो. तुमच्याकडे ती गाभाऱ्यात आहे. तिला तुम्ही रोज आंघोळ घालता."

एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. लोकांच्याही आला असावा, कारण पुढची रांग देवापासून दोन पावलं मागे सरकली.

भरतशेठनी रुमाल खिशात ठेवला.

"ऐकलात?" ते म्हणाले. "म्याडम स्वतः सांगतायत. शिकलेल्या हायत. पऱ्या देवाला घेऊन हितपर्यंत आला, आणि देवाने त्याला थांबवला. हितंच! ह्याच्या पुढं एक पाऊल नाय!"

"व्हय म्हाराजा!"

पुढच्या रविवारी रस्त्याच्या तोंडाशी नवा फ्लेक्स लागला: 'पूर थांबवणारा देव'. खाली बारीक अक्षरात 'संशोधन : सेजलबाई'. फोटोही होता, शाळेच्या गॅदरिंगमधून कापलेला.

बाईंचं म्हणणं एकट्या मोरूकाकाला पटलं. तो घरी गेला, अंगणातला एक गोटा उचलून त्याने सगळ्या बाजूंनी चाचपला आणि संध्याकाळी मला म्हणाला, "निषाद, बाई बरोबर बोलली रे. हा दगड काय चालत नाय आलेला. मी जातो वर. पाऊस वाढला की बकऱ्या घेऊन शाळेत."

"आत्याला पण सांग ना."

"तिला मी सांगितलं तर ती, मोरू खरा बोलतो का, म्हणून देवाला कौल लावंल."

*

त्या आठवड्यात पावसाने जोर धरला. सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा आला: डोंगराळ भागात अतिवृष्टी, ओढ्याकाठच्या लोकांनी सुरक्षित ठिकाणी जावं. शिसवकोंडमध्ये तो इशारा सगळ्यांनी वाचला आणि पुढे पाठवला. बाईंनी शाळा उघडून ठेवली. मोरूकाकाने सकाळीच बायकोला आणि बकऱ्यांना वर नेलं.

मी आणि बाई आत्याकडे गेलो. पऱ्या लाल झाला होता आणि तिच्या मोरीपर्यंत आला होता.

"आत्ये, उठ."

"माजं ऐक बाबू. तवा भरतने सगळ्या वाडीचं इचारलं. माज्या एकटीचं कुणी इचारलं नाय. एकदा मला माजं इचारू दे. डावी पडली तर येते, शप्पथ."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत एक टेबलफॅन होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मग आपल्यात आणि भरतशेठमध्ये काय फरक राहिला?"

"आपल्याकडे टेबलफॅन आहे, त्यांच्याकडे भिंतीवरचा."

"निषाद, हे चूक आहे."

"चूक आहे. पण आत्या माझी आहे."

बाईंनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी एक्स्टेंशन बोर्ड धरला.

देवळात अख्खी खालची आळी जमली होती. सगळ्यांनाच पुन्हा विचारायचं होतं. हरीआबाने आत्यासाठी पाकळ्या लावल्या. आत्याने पदर पसरला. "देवा म्हाराजा, मी घरातच ऱ्हाऊ का?" भिंतीवरचा पंखा मी आधीच बंद केला होता. टेबलफॅन मी देवाच्या डाव्या बाजूला, समईच्या मागे ठेवला आणि बटण दाबलं. पाती गरकन फिरली, डावी पाकळी थरथरली, तिचा एक कोपरा सुटला.

आणि लाईट गेली.

आमच्याकडे वारा-पावसात लाईट जाते, यात चमत्कार काही नाही. पण विवेकाचं काम अर्ध्यावर असताना जाईल, असं वाटलं नव्हतं. पाकळीचा कोपरा पुन्हा खाली बसला. दमट हवेत दोन्ही पाकळ्या दगडाला अशा चिकटल्या, जणू डिंकाने लावल्यात.

"आत्ये, चल आता."

"थांब रे. देव इचार करतोय."

सगळे बसून राहिले. मी ओरडलो, बाईंनी हात जोडले, शेवटी रडल्याही. लोक म्हणाले, गप ऱ्हा, पाकळी कन्फ्यूज होईल. भरतशेठही आले होते, पण लाईट नसल्याने त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

तेवढ्यात देवळाच्या दारातून मोरूकाका दिसला. बकऱ्या पोचल्या होत्या, बायको पोचली होती, कोंबडा राहिला होता. त्या कोंबड्यासाठी तो परत आला होता. काखेत टोपली, टोपलीत कोंबडा, डोक्यावर खताची पिशवी. उतारावरून त्याने हात केला.

"काय गो तुळसा, पडली का पाकळी?"

"नाय रे अजून!"

"मग बस! मी चाललो!"

वरून आवाज आला. पाण्याचा नव्हता तो. रिकामी पिंपं कुणीतरी डोंगरावरून सोडावीत तसा, दगडावर दगड आपटल्याचा. ओल्या मातीचा उग्र वास आला. बाई किंचाळल्या, "मोरूकाका, वर! वर पळा!" त्याने वळून बघितलं. मग पऱ्या आला. त्यात पाणी थोडं दिसलं, दगड आणि झाडंच जास्त. आत्याचं घर बसलं, शेजारचं गेलं, खालची आळी एका दमात पुसली गेली. गाळ देवळाच्या पायरीला लागला आणि तिथे थांबला.

मोरूकाका दोन गावं खाली सापडला.

पाकळ्या संध्याकाळीही तशाच होत्या.

*

आता हिशेब बघा. जे कौल लावून देवळात बसले, ते सगळे वाचले. ज्याने पंख्यावर शंका घेतली, दगड चाचपून पाहिला आणि वर जायचा निर्णय घेतला, तो एकटा गेला. भरतशेठना यापुढे गाऱ्हाण्यात मसाला घालायची गरजच उरली नाही. "मोरू देवाची थट्टा करायचा," एवढंच ते हळू आवाजात म्हणतात, आणि बाया कानाला हात लावतात. देवाने मुद्दाम कौल दिला नाही, लेकरांना धरून ठेवलं, असं आता सगळे सांगतात. कोंबडा वाचला. टोपलीसकट आंब्याच्या फांदीला अडकला होता. तो सध्या देवळात असतो; त्याच्या दर्शनाला वेगळी रांग आहे.

मुंबईकर मंडळाने देवळाला इन्व्हर्टर दिलाय. पुन्हा ऐन संकटात देव मुका व्हायला नको, म्हणून. हरीआबा हल्ली पाकळ्या लावताना पंख्याकडे बघत नाही.

माळावरची जागा अजून रिकामी आहे. आत्या काही महिने बाईंच्या शाळेत राहिली, मग म्हणाली, देवाने राखलं त्याच जागी राहीन. तिने कौल लावला. पंखा चालू होता, इन्व्हर्टर भरलेला होता. उजवा लागला. नव्या घराचं जोतं भरून झालंय. दगड विकत आणावे लागले नाहीत, पऱ्यानेच अंगणात आणून टाकलेत. सगळे गोल. मी तिला रोज सांगतो, ती मला रोज जेवायला वाढते. बाईंनी बदलीचा अर्ज दिलाय. तो मंजूर होणार, असं पोरांनी देवाला विचारून ठेवलंय.

मला मोठं काही सांगायचं नाही. देऊळ जोत्यावर आहे, आळीपेक्षा उंच आहे, म्हणून देवळातले वाचले. पाणी आणखी जरा चढलं असतं तर तेही गेले असते, पाकळ्यांसकट. मोरूकाका शंका घेतल्यामुळे मेला नाही. कोंबड्यासाठी परत खाली उतरला, म्हणून मेला. तुमच्या गावात कौल असेल तर एकदा पंखा बंद करून लावा, आणि एकच प्रश्न उलटा करून विचारा. तेवढीही हिंमत होत नसेल, तर अंगणातला एक दगड उचला आणि त्याला कोपरे आहेत का बघा. नसतील, तर पाऊस वाढल्यावर कुणालाही काही न विचारता वर चढा, आणि कशासाठीही परत येऊ नका.

देव दगडाचा आहे. पुरातून आलेला आहे, पुरात जाईल, आणि आणखी खालच्या कुठल्यातरी गावात पुन्हा स्वयंभू होईल. आपल्याला ती सोय नाही.